डावा डबा माझा

स्पीकर घ्यायची टूम माझी होती, हे आधीच कबूल करतो. घरी विषय निघाला की बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांची हौस." हौस कसली डोंबलाची! मी नुसती वेळ मारून नेत होतो. एक थाप मारली, ती झाकायला दुसरी मारली, आणि त्या दुसऱ्या थापेपायी एका रविवारी सकाळी स्कूटर काढून बदलापूरहून थेट उल्हासनगर गाठावं लागलं.

आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहतो, मी आणि बायको. मुलगी नोकरीला पुण्यात असते. मी अंबरनाथच्या आनंदनगरला एका कंपनीत मेंटेनन्स फिटर होतो, प्रेस शॉपमध्ये. पत्रा कापणारे मोठाले प्रेस, सगळे एकदम चालू झाले की समोरचा माणूस बोलतोय का जांभई देतोय ते कळायचं नाही. तिथे मी बत्तीस वर्षं काढली. आणि नुसती काढली नाहीत, नाव कमावलं. नाव होतं माझ्या कानाचं. लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनवर बेअरिंगच्या जागी टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. आत काय दुखतंय ते दांडीतून वर येतं. ह्या बेअरिंगला आठवडा, त्याला महिना, असं मी सांगायचो आणि तसंच व्हायचं. इंजिनिअर लोक मीटर घेऊन यायचे आणि शेवटी मलाच हाक मारायचे. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

कंपनी आम्हाला कानात घालायला इअरप्लग द्यायची. मी सही करून जोडी घ्यायचो आणि खिशात टाकायचो. कान बंद केल्यावर मशीनचं दुखणं कसं कळणार? सेफ्टीवाले साहेब समोर आले की घालायचे, ते वळले की काढायचे. आम्ही सगळे फिटर असेच. ज्या कानावर पोट चालतं त्याला बूच लावायचं, हे आमच्या टाळक्यात शिरतच नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं, पण एकदम नाही झालं. बारीक आवाज एकेक करत गेले. आधी मोबाईलची टिकटिक गेली, मग दारावरची चिवचिवणारी बेल, मग कुकरची शिट्टी. माणसं बोलतात ते ऐकू येतं, जरा लक्ष द्यावं लागतं इतकंच. ढोल येतो, ट्रक येतो, वरच्या मजल्यावर सरकवलेलं कपाट येतं. बारीक आणि धारदार जे काही असेल ते मात्र गायब. बायको सांगून जायची, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, मी गच्चीवरून कपडे घेऊन येते. ती येईपर्यंत डाळीचा कोळसा. मग तिचा पट्टा सुरू व्हायचा, की बसल्या जागेवरून हलायला नको, पेपर म्हणजे काय पोथी आहे का, वगैरे. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. आळशी म्हणाली तरी चालेल, बहिरा म्हणायला नको. ज्या कानाचा एवढा तोरा मिरवला तो कान गेला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आता बायकोचं सांगतो. ती बालवाडीत शिकवायची. मुलगी पुण्याला गेली, घर खायला उठलं, तेव्हा ती आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या भजनी मंडळात जायला लागली. त्याला आठ वर्षं झाली. गळा बेताचाच, हे तिचं तीच म्हणते. म्हणून तिने टाळ धरले. घरी आली की पाय धुवायच्या आधी मला विचारायची, आज कसा झाला टाळ? मी म्हणायचो, छान, एकदम खणखणीत. कार्यक्रम असला की मी पहिल्या रांगेत बसायचो, तिच्या हातांकडे बघायचो आणि हात एकत्र आले की मान डोलवायचो. टाळाचा आवाज लहानपणापासून डोक्यात होता, तो तिथूनच काढून लावायचो. ऐकू मात्र एक ठोका येत नव्हता. आठ वर्षांत एकसुद्धा नाही. आणि ही बिचारी मंडळात सांगायची, आमच्या ह्यांचा कान पक्का आहे, ते उगीच छान म्हणायचे नाहीत. हे कानावर आलं की मी पेपरात तोंड खुपसायचो. पण छान हा शब्द फार सोयीचा असतो, एकदा सवय लागली की सुटत नाही.

भांडं फुटायची वेळ आली ती पहिल्या टाळावरून. पहिला टाळ म्हणजे मृदंगाला लागून बसायचं. बाकीच्या टाळवाल्या बायका तिच्या हाताकडे बघून वाजवतात, ती घसरली की सगळं भजन घसरतं. मंडळात हा मान ज्यांच्याकडे होता त्या लेकाकडे राहायला गेल्या, आणि अंबरनाथचा मोठा कार्यक्रम तोंडावर आला. पेटीवाल्या काकूंनी आमच्या हिला विचारलं, तू घेतेस का? ही म्हणाली, ह्यांना विचारून सांगते. सरावाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर करून आणलं आणि माझ्यापुढे धरलं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "जमतंय का नाही ते खरं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर घेईन. नाही म्हणालात तर काकूंना सरळ नाही म्हणून सांगेन, वाईट वाटून घेणार नाही."

मी मोबाईल कानाला लावला. मृदंग येत होता, बायकांचे आवाज येत होते. टाळाच्या नावाने शुकशुकाट. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशी. आता छान म्हणणं म्हणजे पाप होतं. माझ्या शब्दावर ती पुढे जाऊन बसली आणि शे-दोनशे माणसांत फजिती झाली तर? आणि नाही म्हणावं तर ते तरी कशाच्या जोरावर? म्हणून मी दुसरी थाप मारली. म्हटलं, मोबाईलवर काय कप्पाळ कळणार? चांगले स्पीकर हवेत. आपला जुना अँप्लिफायर तर माळ्यावर मरून पडलाय. आधी स्पीकर येऊ देत, मग सांगतो.

मला वाटलं, हे प्रकरण दोन-तीन महिने तरी लांबलं. पण आपण लग्न कुणाशी केलंय हे मी विसरलो. तिने माझ्यासमोरच मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, बाबांना सांग, अँप्लिफायरच्या भानगडीत पडूच नका, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्या. त्यात अँप्लिफायर डब्याच्या आतच असतो. प्लग लावा, मोबाईल जोडा, झालं. बायकोने चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि जाहीर केलं की रविवारी जायचं. काकूंना सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

दुकान उल्हासनगरला कॅम्प पाचच्या एका गल्लीत. शेठ सिंधी, माझ्याच वयाचा, दुकानात एकटाच. माणूस एकदम गोड. आम्ही काय घेणार ते ठरायच्या आत त्याने पंख्याखाली दोन स्टुलं मांडली. मी तिथे शिरलो तो असा, की जणू कंपनीने मला इन्स्पेक्शनला पाठवलंय. शेठने पहिली जोडी लावली. धडाम धुडूम असलं कसलं तरी गाणं सुरू झालं. मी बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक डब्याच्या कुशीला टेकवलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले.

"साईं, ये क्या कर रहे हो?" शेठ म्हणाला. बायकोने त्याला अभिमानाने सांगितलं की ह्यांची पद्धत आहे, ह्यांनी कंपनीत सगळ्या मशिनी अशाच बऱ्या केल्या. मी डोळे मिटूनच मान हलवली. डबा बाकी चांगला होता. पक्कं लाकूड, कुठे खडखड नाही, बास घुमतोय पण डबा थरथरत नाही. मी निकाल दिला: हाच घेऊ.

शेठने गाणं बंद केलं आणि तिथेच घोटाळा झाला. बायकोने डब्याकडे कान नेला आणि म्हणाली, गाणं नाही तरी हा सूं सूं करतोय. मी म्हटलं, पंख्याचा आवाज असेल. तिने शेठला पंखा बंद करायला लावला. ती म्हणाली, अजून येतोय. मी म्हटलं, काही नाही येत, तुझा भास आहे. ती म्हणाली, अहो, एवढा स्पष्ट येतोय. मला राग आला. खरंच आला, आणि तो राग तिचा नव्हता, पण निघाला तिच्यावर. म्हटलं, बत्तीस वर्षं मी कान लावून पोट भरलं, मला शिकवू नकोस. मग तिने शेठला विचारलं. शेठ बिचारा धंदेवाला माणूस, दोघांना सांभाळायला बघत होता. पण खोटं त्याच्याच्याने बोलवेना. म्हणाला, भाभी, थोडी तो आती है. आणि मग त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी स्क्रू ड्रायव्हर बॅगेत ठेवून दिला.

दुसरी जोडी काढताना शेठ फरक समजावत होता. पहिल्या जोडीत एका डब्यात सगळं यंत्र आणि दुसरा नुसता त्याच्या वायरवर चालणारा. एक मालिक, एक नौकर. "इसमें दोनों मालिक हैं साईं," तो म्हणाला. दोन्ही डब्यांना आपापला प्लग, आत आपापला अँप्लिफायर, आणि मागे आपापली बटणं. एक आवाजाचं आणि एक ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज कमी-जास्त करायचं. गाणं बंद असताना बायकोने ह्या डब्यांनाही कान लावला. हे गप्प होते. मग तिने पर्समधून मोबाईल काढला आणि म्हणाली, आता माझं रेकॉर्डिंग लावा.

भजन सुरू झालं. मृदंग आला, आणि काय गोल आला! काकूंची पेटी आली. बायकांचे गळे एकेक करून ओळखू येत होते. टाळ नाही. बायको माझ्याकडे बघत होती. काहीतरी करायचं म्हणून मी तज्ज्ञासारखा उठलो, माझ्या बाजूच्या डब्याच्या मागे हात घातला आणि ते ट्रेबलचं बटण फिरवलं. फिरवलं ते पार टोकापर्यंत. बायकोने कानावर हात ठेवले, शेठने तोंड वाकडं केलं. आणि त्या डब्यावर वाकलेलो असताना, अगदी तोंडाजवळ, काहीतरी वाजलं. पुन्हा वाजलं. मृदंगाच्या पाठोपाठ, लांबून आल्यासारखं, पण वाजलं. मी जवळ गेलो. कान डब्यातल्या वरच्या छोट्या स्पीकरला जवळजवळ चिकटवला.

"अगं, टाळ," मी म्हणालो. "टाळ ऐकू येतोय."

काय सांगू तुम्हाला! मी एवढा मोठा बाप्या, परक्याच्या दुकानात डब्याला मिठी मारून उभा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिचा टाळ होता तो. बाकीच्या चार-पाच बायकांचेही होते, पण रेकॉर्डिंगच्या वेळी मोबाईल तिच्या मांडीवर होता, तिचाच सगळ्यांत पुढे. डोक्यातला आठवणीतला नाही, तिचा. जरा जड हाताचा, ठोका देऊन लगेच दाबून धरणारा. मी आनंदाने तिच्याकडे वळलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत चाललं होतं, आणि मग मला कळलं मी काय बोलून बसलो ते.

"ऐकू येतोय म्हणजे?" ती म्हणाली. "आजवर येत नव्हता?"

शेठला एकाएकी आतल्या खोलीत काहीतरी काम आठवलं. मी सगळं सांगितलं. शिट्टी, बेल, कंपनीतले इअरप्लग, आठ वर्षांची मान डोलवणी, मोबाईलवरची थाप, सगळं. भजन मागे चालूच होतं. ती स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेऊन. मला वाटलं होतं ती चिडेल की एवढं लपवून ठेवलं. पण तिचं दुखणं वेगळंच निघालं.

"कान गेला तर गेला हो," ती म्हणाली. "पण मी बाहेर कुणालाच विचारलं नाही. घरी येऊन फक्त तुम्हाला विचारत होते."

मी मोबाईलवरचं भजन बंद केलं. मला खरंच वाटलं की आता ही टाळ कायमचे खुंटीला टांगणार आणि ते माझ्यामुळे. मग तिने पदराने नाक पुसलं आणि शेठला हाक मारली. हेच द्या, म्हणाली. शेठ घाईघाईने बटणं सारखी करायला लागला. म्हणाला, भाभी, दोनों एक जैसे रखने का, मग आवाज बरोबर येतो. तिने त्याचा हात थांबवला.

"आमचे दोघांचे कान सारखे नाहीत, मग डबे सारखे कशाला?" ती म्हणाली. "हा डावा ह्यांचा. तो आहे तसाच राहू दे."

शेठ ऐकत राहिला आणि मग असा हसला की त्याने आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

परत येताना एक खोका माझ्या पायाशी, दुसरा तिच्या मांडीवर. अंबरनाथ मागे पडलं. मी आपला आरशात बघतोय, चेहरा काही दिसत नाही, खोकाच दिसतोय. बदलापूर जवळ आलं तेव्हा पाठीवर बोट टोचलं. विचारत होती, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यासुद्धा? मी म्हटलं, हो. सगळ्या? सगळ्या. मग तिला जे हसू फुटलं ते फुटलंच. खोका हलतोय, स्कूटर हलतेय, बाजूचा रिक्षावाला वळून बघतोय. मध्येच म्हणाली, आणि मी तुम्हाला आळशी म्हणून किती बोलले. मी म्हटलं, तो मी आहेच. इतकं हलकं मला रिटायर झालो त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ती मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, यंत्रही आलं. ते असो. मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या संध्याकाळचं. हॉलमध्ये माझ्या खुर्चीजवळ डावा डबा, तिच्या पाटाजवळ उजवा. तिने कुकर लावला, हात पुसत आली आणि रेकॉर्डिंग लावलं. मी डावीकडे कान करून ऐकलं. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा स्क्रू ड्रायव्हर आठवला आणि डोळे मिटून ऐकलं. आणि ते सापडलं. जसं बेअरिंगमधलं सापडायचं तसंच.

सांगू का नको, असं क्षणभर झालं. आठ वर्षं छान म्हटलं, आता एकदा म्हटलं तर काय बिघडणार होतं? ती पुन्हा तशीच माझ्या तोंडाकडे बघत होती.

"शेवटच्या गजरात लय वाढते ना, तिथे तू मागे पडतेस," मी म्हणालो. "मृदंग पुढे जातो आणि तुझा टाळ किंचित नंतर येतो. बाकी सगळीकडे बरोबर आहे. तिथे चुकतेस."

ती उठली, खुंटीवरचे टाळ काढले. मला वाटलं, आता हे माळ्यावर जाणार. पण ती पाट सरकवून माझ्या डब्यासमोर येऊन बसली, टाळांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळल्या, आणि तिचा चेहरा बघाल तर काय, पोरीला पहिला नंबर मिळाल्यासारखा फुलला होता. म्हणाली, आठ वर्षांत पहिल्यांदा चुकतेस म्हणालात. लावा परत. कुठे मागे पडते ते हाताने दाखवा.

मी गजर लावला. ती रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला लागली. मी बोट वर केलं, मागे. पुन्हा लावलं, पुन्हा बोट. ती वैतागली, मला म्हणाली, जरा दमानं घ्या. मी म्हटलं, दम मृदंगाला नाही, मी कुठून आणू? चौथ्यांदा थोडं जमलं. पाचव्यांदा पुन्हा घसरली आणि स्वतःच थांबली. सहाव्यांदा गजर चढत गेला, मी बोट उचलायच्या तयारीत, आणि बोट उचलावंच लागलं नाही. टाळ मृदंगाच्या अंगावर अंग टाकून चालला होता. समोर तिचे हात, डावीकडे डब्यातला टाळ. एवढ्या जवळ बसली होती की हातातलाही कणभर ऐकू येत होता का काय कोण जाणे, मला तरी येत होता. मी मान डोलावली आणि ह्या वेळी खरी डोलावली.

"उद्या काकूंना हो म्हणून सांगते," ती म्हणाली. "पण रोज बसायचं, आणि रोज चुका काढायच्या."

आणि मग आम्ही दोघांनी एकदमच नाक वर केलं. स्वयंपाकघरातून जळका वास येत होता. शिट्ट्या किती झाल्या होत्या देव जाणे. डाळीचा कोळसा झाला होता, आणि ह्या वेळी शिट्टी तिलाही ऐकू आली नव्हती.